ख्रिस्ती माणसाच्या तोंडची शिवी: हिंदीत दिली तर चालते का?

पोलोग्राउंडवाला (इंदूर)

सर्वांना नमस्कार. मी इंदुरात वाढलेला मराठी ख्रिस्ती आहे. घरात मराठी, उपासनेत हिंदी, आणि पोलोग्राउंडमधल्या ज्या कारखान्यात मी लेथवरच्या कारागिरांवर देखरेख करतो, तिथली हिंदी अशी की तिच्यात शिवी स्वल्पविरामासारखी येते. वीस वर्षे तिथे काढल्यावर ती माझ्याही जिभेवर बसली आहे. मराठीत मात्र मी आजवर एकही अपशब्द उच्चारलेला नाही आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या महिन्यात संडे स्कूलमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला स्कूटरवर घरी सोडायला निघालो होतो. पाटनीपुरा चौकात एक ई-रिक्षा हात न दाखवता वळली, मी करकचून ब्रेक दाबला आणि बहिणीवरची ती नेहमीची हिंदी शिवी तोंडातून गेली. मुलगा गप्प राहिला. पुढच्या रविवारी मी दहा आज्ञा शिकवत असताना त्याने हात वर करून अतिशय गंभीरपणे विचारले, "सर, हिंदीत दिली तर चालते का?" मला उत्तर देता आले नाही.

कारखान्यातला एक ख्रिस्ती सहकारी म्हणतो की पाप मनात असते, शब्दात नसते. शिवाय बायबलमध्ये प्रेषित पौलानेही एके ठिकाणी घाणेरडा शब्द वापरला आहे. जाणकारांनी कृपया आपले मत मांडावे.

सुदामानगरचे मास्तर

आपल्या भाषेत शिवी, शाप आणि शपथ असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत ते एकमेकांत मिसळल्याने होते. 'आईशप्पथ', 'देवाशप्पथ' ही शपथ. तिच्याविषयी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे की तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही एवढेच असावे. 'तुझं मढं बसलं' हा शाप. ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो तिनेच देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप देतो, हे याकोबाला त्याच्या पत्रात (3:9-10) खटकते. शिवीचा प्रश्न मात्र इफिसकरांस पत्राच्या 4:29 मध्ये येतो, जिथे तोंडातून कुजके भाषण निघू नये असे म्हटले आहे. मराठी भाषांतरातला 'कुजके' हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण मूळ ग्रीक विशेषण तेच आहे जे मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातून वेचून फेकून दिलेल्या वाईट मासळीला लावले आहे. अशी मासळी मराठी टोपलीतून हिंदी टोपलीत टाकली म्हणून तिचा वास जात नाही, एवढे त्या मुलाला सांगता येईल.

तरीही मला तुमच्या शिवीपेक्षा तुमचा मराठीचा अभिमान जास्त विचार करण्यासारखा वाटतो. मत्तय 26:73-74 पुन्हा वाचा. येशूला अटक झालेल्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याची गालीली बोली ऐकून अंगणातले लोक त्याला येशूचा माणूस म्हणून ओळखतात, आणि तेव्हा तो स्वतःला शाप देत, शपथा वाहत 'मी त्या माणसाला ओळखत नाही' असे म्हणू लागतो. तिथे आपल्या अर्थाची शिवी नाही, हे मान्य. पण आपण इथल्यांपैकीच आहोत, त्या दुसऱ्या लोकांपैकी नाही, हे पटवण्यासाठी तोंड वापरण्याची ती रीत कारखान्यात काम करणाऱ्याला अनोळखी नसावी. मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत हे केले आहे, फक्त माझे शब्द सभ्य होते.

ग्रीकचा विद्यार्थी

पौलाबद्दल थोडे. फिलिप्पैकरांस पत्र 3:8 मधला शब्द 'स्कुबला' असा आहे. त्याचा अर्थ उकिरड्यावर टाकण्याजोगी घाण, आणि विष्ठाही. त्या काळच्या कानाला तो किती असभ्य वाटत असे यावर अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे 'पौलाने शिवी दिली' असे छातीठोकपणे सांगणे घाईचे आहे. परंतु तो शब्द त्याने कशाला लावला ते आपल्या सहकाऱ्याने पाहावे. त्याच्या तीन ओळी आधी आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशीपणा (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथात असणे) अशी त्याच्या स्वतःच्या मोठेपणाची यादी आहे, आणि ख्रिस्तापुढे ती सारी त्याने कचऱ्यात काढली. ई-रिक्षावाल्याला त्याने काही म्हटलेले नाही. (गलतीकरांस पत्र 5:12 मध्ये तो विरोधकांविषयी खरोखर जहाल बोलतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, तिथे माझ्याकडे सोपे उत्तर नाही.)

नंदानगरची सून

एवढ्या ग्रीकमध्ये ती बहीण कुणालाच दिसली नाही, याचे नवल वाटते. रिक्षा चालवली एकाने, ब्रेक दाबला दुसऱ्याने, आणि जी तिथे नव्हतीच तिच्या अब्रूवर शब्द पडला. मनात राग रिक्षावाल्याचा होता, हे मी मान्य करते. पण मग शब्द तिच्यावर का? 'साला' हा तुलनेने सौम्य समजला जाणारा शब्दही शेवटी समोरच्याच्या बहिणीवरच जातो. माझी आजेसासू नातवंडांना दिवसातून दहादा 'मेल्या' म्हणत असे आणि त्याच हाताने ताटात तूप वाढत असे. तो शब्द मला कधी कुजका वाटला नाही. उलट आमच्या आजोबांना गावात त्यांच्या जातीचे नावच शिवी म्हणून ऐकवले जात असे. शब्दकोशात ते साधे नाम आहे. मत्तय 5:22 मध्ये प्रभू 'मूर्ख' या साध्या शब्दासाठीही नरकाग्नीचा इशारा देतो, त्यामुळे असभ्य शब्दांची यादी पाठ करून आपण सुटू, असे मला वाटत नाही.

मास्तर, पुन्हा

सूनबाईंचे म्हणणे मला आधी सुचायला हवे होते.

पोलोग्राउंडवाला

सर्वांचे मनापासून आभार. काल संडे स्कूलमध्ये मुलांसमोर सांगितले की हिंदीतही चालत नाही, आणि त्या दिवशी माझे चुकले. त्यावर त्याच मुलाने विचारले, "मग रिक्षावाल्याला सॉरी म्हटलं का?" पाटनीपुऱ्यात तो रिक्षावाला आता कुठे सापडणार, असे मी म्हणालो. आपल्याला रिक्षाच्या मागचा निळा पडदा आठवतो, असे तो म्हणाला. आता दर रविवारी मागे बसून तो चौकातल्या रिक्षा पाहतो. कारखान्यात मात्र आज सकाळीच लेथचा चक ढिला राहिल्यामुळे त्यात पकडलेला जॉब निसटला, आणि अर्धी शिवी तोंडाबाहेर येऊन थांबली. उरलेली अर्धी कारागिराने पूर्ण केली.