पुढच्या पिढीसाठी एअर रायफल: दस्ता कसला, स्क्रू कसले, फिनिश कोणतं?

खाजनकाठ (बार्देस)

०.१७७ इंची ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची) स्प्रिंग एअर रायफल आहे, कारखान्याची, बिलासकट. ॲक्शन (स्प्रिंग-ट्रिगरची यंत्रणा) आणि बॅरल तेच ठेवणार, ताकद वाढवायची नाही. फक्त नवा दस्ता, स्क्रू, ट्रिगर गार्ड आणि धातूवरचं फिनिश करून घ्यायचंय. लेकीला द्यायची आहे, आणि तिने ती पुढे द्यावी इतकी टिकायला हवी. घर समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. सुतार चांगला आहे, पण त्याचं आयुष्य दारं-खिडक्यांत गेलंय.

प्रश्न असे: अक्रोड मागवावा, की इथलाच साग किंवा शिसवी? सगळं स्टेनलेस करावं का? आणि हे सोडून सरळ पीसीपी (सिलिंडरात आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) घेतली तर जास्त टिकेल का? एका जुन्या घराचे सागाचे वासेही स्वस्तात मिळतायत.

रंधा-पटाशी

लाकडाची जात दुसरी, रेषा (तंतूंची दिशा) पहिली. दस्ता मोडतो तो मुठीपाशी, कारण तिथे तो सर्वांत बारीक असतो. तिथल्या रेषा मुठीच्या वळणाला समांतर धावल्या पाहिजेत. त्या तिरक्या बाहेर पडत असतील तर शिसवीसुद्धा टेबलावरून पडल्यावर दोन तुकडे होते. दाराच्या सुताराला हेच समजावून सांगावं लागतं. तो फळीत दस्ता कसाही बसवून लाकूड वाचवतो. पुठ्ठ्याचा साचा काढा, फळीवर स्वतः फिरवून बघा, मगच पेन्सिल लावा. साधारण ८५० × १८० × ६० मिमीचा तुकडा लागेल. गाभ्याचाच घ्या, कडेचं पांढरं लाकूड नको, भुंगा तिथूनच शिरतो.

शिसवी देखणी, पण घनमीटरला ८०० किलोच्या वर जाते. अक्रोड ६५० च्या आसपास. तयार दस्ता सुमारे २ लिटर आकारमानाचा धरला तर फरक ३००-४०० ग्रॅमचा, आणि तो सगळा मुलीच्या खांद्यावर. शिवण हलकी आणि स्थिर, पण नखाने खड्डा पडतो. माझं मत अक्रोड: बारीक कोरीव काम धरतो, कड तुटत नाही. काश्मीरचाच येतो. तिथे अक्रोडाचं झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून बिल मागा. आपल्याकडच्या सागाच्या नव्या लाकडालाही वाहतूक परवाना विचाराच.

वाशांबद्दल: शंभर वर्षं वाळलेलं लाकूड म्हणून लोक भुलतात. वाळलेलं असतंच, पण खिळ्याभोवती काळा डाग खोलवर गेलेला असतो, आणि छपरातला प्रत्येक वासा सागाचा असतोच असं नाही. टोक तासून वास घ्या. सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास लपत नाही.

मांडवीपार

सागाला इतक्या लवकर बाद करू नका. पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर राहते, तेव्हा उघडं लाकूड १७-१८ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. कोरड्या महिन्यांत तेच १२ वर येतं. ह्या ६ टक्क्यांच्या फरकात आडव्या चिरेच्या अक्रोडाची ५० मिमी रुंदी साधारण ०.८ मिमी फुगते, सागाची ०.५५ मिमी. शिवाय वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. कोरीव जाळी नको असेल तर साग चालतो, फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्यात सिलिका असते, पटाशीची धार सारखी जाते. आणि त्याचं नैसर्गिक तेल इपॉक्सीला पकडू देत नाही. चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि तासाभरात चिकटवा, दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर तेल परत वर येतं.

कोणतंही लाकूड घ्या, पण आणल्या दिवशी कापू नका. मॉइश्चर मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ३-४ आठवडे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहिला की हात लावा. आधी सगळीकडून ५ मिमी जास्त ठेवून ढोबळ आकार काढा, महिनाभर ठेवा, मग अंतिम माप. वाकायचं असेल तर तेवढ्यात वाकून घेतं.

रंधा-पटाशी

स्थिरतेचा मुद्दा मान्य. पण ब्रेक-बॅरलमध्ये पुढच्या खाचेच्या दोन बाजूंना लाकडाच्या दोन बारीक भिंती राहतात आणि साग रेषेवर पटकन चिरतो. साग घेतलात तर त्या भिंती ८ मिमीखाली नेऊ नका. दिसायला पुढचा भाग जरा जाडा वाटेल.

कानस

आता धातू. 'सगळं स्टेनलेस' हा महागडा गैरसमज आहे. बाजारात स्टेनलेस म्हणून मिळणारं ४१६ मशीनवर छान कापलं जातं कारण त्यात गंधक असतं, आणि त्याच गंधकामुळे खाऱ्या हवेत त्याला ठिपके पडतात. स्क्रू, वॉशर, ट्रिगर गार्डसाठी ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला तोंड देतं. स्क्रूच्या डोक्यावर 'ए४' असेल तर ३१६, 'ए२' असेल तर ३०४. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा डोकं वाचा. बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावा, नाहीतर काही वर्षांनी काढताना अडकतील.

पितळी गार्ड शोभतो, पण पितळ जिथे पोलादाला टेकतं तिथे ओल आणि मीठ मिळून पोलाद खातं. हौस असेल तर मध्ये लाखेचा थर द्या.

बॅरलचं ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तो गंज थांबवत नाही, तेल धरून ठेवतो. तेल संपलं की संपलं. किनाऱ्यावर सिरॅमिक कोटिंग जास्त निश्चिंत. ते साधारण १२० अंशांवर २ तास भाजतात, म्हणून सील, स्प्रिंग, प्लॅस्टिक सगळं आधी बाहेर. कॉम्प्रेशन सिलिंडरच्या (स्प्रिंग जिथे हवा दाबते त्या नळीच्या) आत एक थेंबही जाता कामा नये, हे कारागिराला लिहून द्या. ब्लूइंगच ठेवायचं असेल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसा, आणि हात लागला की त्याच दिवशी. घामात मीठ असतं.

आणखी एक. स्प्रिंग रायफल पुढेही हिसका देते आणि मागेही, त्यामुळे स्क्रू ढिले होतात. ढिले म्हणून लोक आवळत जातात आणि वॉशरखालचं लाकूड चेपलं जातं. दस्ता फुटायची सुरुवात तिथूनच. स्क्रूच्या जागी कप-वॉशर इपॉक्सीत बसवा म्हणजे दाब धातूवर येईल. आट्यांना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकट द्रव), लाल नको. मात्र ज्या आट्याला ग्रीस लावलं तिथे थ्रेडलॉक धरत नाही: दस्त्याच्या स्क्रूंना थ्रेडलॉक, गार्डच्या स्क्रूंना ग्रीस.

खाजनकाठ

देव बरें करूं सगळ्यांक! अक्रोडाकडे कल झालाय. फिनिशला सुतार फ्रेंच पॉलिश (लाखेचं) म्हणतोय. आणि पीसीपीचं राहिलं.

मांडवीपार

फ्रेंच पॉलिश नको. लाख ओलाव्याने पांढरी पडते, जुलैत कपाटाची दारं बघितली असतीलच. कच्चं जवसाचं तेलही नको, इथल्या बुरशीला ते जेवण आहे. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश) टिकतं, पण ओरखडा पडला की सगळं खरवडावं लागतं. तीस वर्षांनी कोणाला तरी दुरुस्त करायचंय, म्हणून शुद्ध टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं सुकणारं तेल). ५-६ हात, अगदी पातळ, प्रत्येक हातामध्ये किमान दोन दिवस, आणि दर हातानंतर उरलेलं पुसून काढायचं. हे डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा, पावसाळ्यात ते चिकटच राहतं. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडं, ही नेहमीची चूक. बॅरलखालची खाच, स्क्रूची भोकं आणि बट-पॅडखालचं (खांद्याला टेकणाऱ्या गादीखालचं) टोक यांना निदान ३ हात द्या. ओल रेषांच्या टोकातून सर्वांत वेगाने शिरते. शिवाय अक्रोडातलं टॅनिन ओल्या लोखंडाला लागलं की निळा-काळा डाग पडतो.

कानस

पीसीपी नेमबाजीला उत्तम, वारशाला नाही. मॅच रायफलींच्या हवेच्या सिलिंडरला साधारणतः १० वर्षांची मुदत असते, आणि तिसऱ्या पिढीला त्याच मॉडेलचा सिलिंडर मिळेलच असं नाही. त्यात इथली हवा: २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरायचा म्हणजे ४० लिटर हवा, म्हणजे एका भरण्यात जवळजवळ एक ग्रॅम पाणी पंपाच्या तोंडाशी. पंपाला सुकवणारी नळी नसेल तर त्यातलं बरंचसं आत जाऊन बसतं.

स्प्रिंग रायफलीत झिजतात त्या दोनच गोष्टी, स्प्रिंग आणि सील. दोन्ही आत्ताच जास्तीच्या घेऊन ठेवा, स्प्रिंग मूळ ताकदीचीच. २० ज्यूलपर्यंतच्या ०.१७७ ला परवाना लागत नाही, त्यावर गेलात तर लागतो. पॉलियुरेथेनचे काही सील दमट उष्णतेत पडून पडूनच चिकट होतात किंवा त्यांचा भुगा होतो. जुन्या जर्मन रायफलींचं हे दुखणं प्रसिद्ध आहे. म्हणून नुसता सील ठेवून भागत नाही, त्याचं बाहेरचं माप, खाचेची खोली, स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेढे आणि मोकळी लांबी कागदावर काढून ठेवा. मापं असली की कोणताही लेथवाला टेफ्लॉनचा सील कातून देईल.

ठेवताना फोमच्या पेटीत ठेवू नका, फोम ओल धरतो. चामड्याच्या खोळीतही नको. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल, रंग बदलला की १२० अंशांवर २-३ तास भाजून परत. पूर्वी आत बल्ब लावत, त्याच हिशोबाने एलईडी लावलात तर उजेड पडेल, ऊब नाही.