एप्रिलमध्ये लडाख: हवामानाचा अंदाज नेमका कुठला आणि कसा बघायचा?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं लेहला जातोय, मी, नवरा आणि माझे आईबाबा. मुख्य कारण जर्दाळूचा फुलोरा, आईला तो कधीपासून बघायचाय. दाह-हानूची बाजू नक्की, आणि जमलं तर खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिथून तुर्तुक गाव. विमानानं जाणार, पुढे टॅक्सी.

गोंधळ असा झालाय की रोज तीन-चार अ‍ॅप उघडून बसते आणि प्रत्येकात वेगळंच. एकात गुरुवारी बर्फ, दुसऱ्यात लख्ख ऊन, तिसऱ्यात कमाल तापमान उणे दोन आणि चौथ्यात अधिक अकरा, एकाच गावाचं आणि एकाच दिवसाचं! सकाळी बघावं तर एक, रात्री बघावं तर दुसरंच. आईबाबा सोबत आहेत म्हणून जास्त काळजी वाटते, खिंडीत अडकून पडलो तर काय. किती दिवस आधीचा अंदाज धरून चालायचं, आणि खारदुंग ला चा वेगळा अंदाज कुठे मिळतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ढगवेडी:
प्रश्न अगदी बरोबर विचारलायत. लडाखात अंदाज बघताना सगळ्यात आधी "लेह" हे नाव विसरायचं आणि उंची बघायची. कारण सांगते.

अ‍ॅपमागचं जे मॉडेल असतं, म्हणजे हवामानाचं गणित करणारा संगणक प्रोग्राम, ते जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच उंची देतं. युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किमीचा, अमेरिकन जीएफएसचा १३ किमीच्या आसपास. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिचा ६ किमीचा. आता लेह शहर आहे साधारण ३,५०० मीटरवर आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर, आणि सरळ रेषेत दोघांमध्ये फार तर १३-१४ किमी अंतर आहे. म्हणजे एवढ्याशा जागेत अख्ख्या कळसूबाईपेक्षा जास्त उंचीचा फरक! चौकोनात सिंधूचं खोरंही येतं आणि बाजूचे डोंगरही येतात, मग मॉडेलचं "लेह" कुठेतरी अधल्यामधल्या उंचीवर जाऊन बसतं. काही अ‍ॅप नंतर उंचीप्रमाणे तापमान दुरुस्त करतात, काही करत नाहीत, तुमचा उणे दोन आणि अधिक अकराचा घोळ बहुतेक तिथूनच आलाय. एप्रिलमध्ये लेहला दिवसा साधारण १२-१३ आणि रात्री शून्याच्या आसपास असतं, त्यामुळे ऊन असलेल्या दिवशी अकरा जास्त खरं.

खारदुंग ला चा हिशोब घरीच करता येतो. दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंश कमी धरा, म्हणजे लेहपेक्षा वर १२ अंशांनी थंड. लेहला दुपारी १० असेल तर खिंडीत उणे दोन, आणि त्यात वारा. विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये पिन थेट खिंडीवर टाका आणि तिथे शून्य अंशाची पातळी दाखवणारा लेयर असतो तो बघा. ती पातळी खिंडीच्या खाली असेल तर वर जे पडेल ते बर्फच, आणि रस्त्यावरचं पाणीही गोठलेलं.

आता बर्फ पडणार की नाही हा भाग. हिमालयाच्या पलीकडे असल्यामुळे लेहला वर्षभरात १०० मिमीच्या आसपासच पाऊस-बर्फ होतो, मुंबईत जुलैत एका दिवसात पडतो तेवढा. वसंतात तो आणतात वेस्टर्न डिस्टर्बन्स, आपल्या पेपरात पश्चिमी झंझावात लिहितात ते. भूमध्य समुद्राच्या बाजूनं वरच्या वाऱ्यांबरोबर निघतात, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत येतात आणि पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगेवर बहुतेक ओझं उतरवून टाकतात. सोनमर्गला फूटभर बर्फ आणि लेहला नुसते ढग आणि बोचरा वारा, असं सर्रास होतं. म्हणून "काश्मीर-लडाखमध्ये बर्फवृष्टी" अशी बातमी वाचून लगेच घाबरू नका.

किती दिवस आधीचं धरायचं, तर माझ्या मते सहा-सात दिवस आधी फक्त एवढंच बघायचं की झंझावात येतोय का. गुरुवार की शुक्रवार, यावर तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. तीन दिवस आधी दिवस बऱ्यापैकी पक्का होतो. दोन-तीन मॉडेल एकच दिवस सांगायला लागली की समजायचं. शेवटचं प्लॅनिंग मात्र आदल्या संध्याकाळी हवामान विभागाच्या लेह केंद्राचं बुलेटिन बघूनच. हे केंद्र डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं, त्याआधी लडाखचं काम श्रीनगरहून चालायचं, आणि जानेवारी २०२२ पासून लेहला पाऊस-बर्फाचे ढग टिपणारं डॉप्लर रडारही आहे. रडारची अडचण एवढीच की समोर डोंगर आला की पलीकडचं दिसत नाही, त्यामुळे नुब्राकडे काय चाललंय ते रडारवर कोरं दिसलं म्हणजे तिथे काही नाही असं समजू नये.

अजून एक करून बघा, इन्सॅट या भारतीय उपग्रहाचा फोटो. दिवसाच्या फोटोत बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे, पहिल्यांदा काहीच कळत नाही. अर्ध्या-एक तासाच्या अंतराचे दोन फोटो घ्या, जे हललं ते ढग, जे जागच्या जागी आहे ते बर्फ. बर्फाच्या पांढऱ्यात दऱ्यांच्या काळ्या रेषा पानाच्या शिरांसारख्या स्पष्ट दिसतात, ढग आले की त्या पुसल्या जातात. पश्चिमेकडून त्या रेषा एकेक करून गायब व्हायला लागल्या की तुमच्याकडे काही तास आहेत. हे बघायला शिकलात की अ‍ॅपवरच्या त्या सूर्य-ढगाच्या चित्रांची गरजच राहत नाही.

बुलेटस्वार:
वरचं सगळं मस्त. मी एवढंच म्हणेन की खिंडी पहाटे ५ ला निघून काढा, दुपारनंतर वारा असा सुटतो की बाईक सरळ राहत नाही. १२ च्या आत पलीकडे, हा नियम. पँगाँगला तर दुपारी तंबू उडतील असा वारा असतो.

माजी सैनिक सातारा:
बुलेटस्वार भाऊ, जुलै-ऑगस्टला तुमचं म्हणणं बरोबर, पण एप्रिलमध्ये पहाटे ५ ला खारदुंग ला वर जाऊ नका. मी नोकरीत असताना त्या भागात होतो म्हणून कळकळीनं सांगतो. दिवसा कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर येतं आणि रात्री गोठतं. त्याला ब्लॅक आइस म्हणतात, डांबर ओलं आहे एवढंच दिसतं आणि गाडी सरळ दरीकडं सरकते. ऊन वळणांवर पोचेपर्यंत थांबायचं. एप्रिलला लेहमधून आठ-साडेआठला निघा, दुपारी बाराच्या आत माथा ओलांडा, म्हणजे बर्फही सुटलेला आणि वाराही फार चढलेला नाही. ही मधली वेळच खरी.

दुसरी गोष्ट, लोक बर्फ पडत असताना घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी निळं आभाळ बघून खूश होऊन निघतात. तोच दिवस सगळ्यात फसवा. ताज्या बर्फावर पहिलं कडक ऊन पडलं की उतारावरचा थर सुटतो आणि हिमस्खलन होतं. ताई, मोठा झंझावात होऊन गेला की आभाळ कितीही स्वच्छ असलं तरी एक दिवस खालीच काढा. संरक्षण खात्याची डीजीआरई म्हणून संस्था आहे, पूर्वी सासे म्हणायचे, ती हिमस्खलनाचा इशारा रंगांमध्ये देते, तो हवामानाच्या अंदाजापेक्षा वेगळा असतो हे लक्षात ठेवा. आभाळ साफ आणि स्खलनाचा इशारा मोठा, असं एकाच दिवशी असू शकतं.

रस्ता चालू की बंद ते अ‍ॅप सांगणार नाही. सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या बीआरओची पोरं बर्फ काढतात, खारदुंग ला बहुतेक वर्षभर चालू ठेवतात, पण बर्फ झाला की काही तास, कधी पूर्ण दिवस बंद. लेहच्या ट्रॅफिक पोलिसांचं रोजचं रोड स्टेटस येतं, टॅक्सीवाल्याकडं पण तेच असतं. तो चाक फिरवायला नको म्हणाला तर आग्रह करू नका, टायरला लावायची चेन आहे का एवढं आदल्या दिवशी विचारून घ्या.

तुम्ही विमानानं जाताय ते चांगलंच आहे. श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या जोझी ला खिंडीचा भरवसा एप्रिलमध्ये धरता येत नाही. २०२३ ला ६८ दिवस बंद राहून १६ मार्चला उघडला, २०२५ ला बंद राहिला ३२ दिवसच पण उघडला १ एप्रिलला. आणि उघडला म्हणजे रोज चालू असं नाही.

लेहमधून:
कामानिमित्त गेली काही वर्षं इथेच राहतोय, मूळ कोल्हापूरचा. फुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण ताईंचा मूळ विषय तोच आहे ना.

फुलोरा उंचीनं वर चढत येतो. दाह-हानू, खाल्त्सेची बाजू, तुर्तुक हे सगळं ३,००० मीटरच्या आगेमागे, म्हणजे लेहपेक्षा पाचशे मीटर खाली. तिथे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलं येतात, लेहमध्ये महिन्याच्या शेवटाकडे. मार्च गरम गेला तर सगळंच आठ-दहा दिवस अलीकडे, थंड गेला तर पलीकडे. म्हणून फुलांसाठी दहा दिवसांचा अंदाज बघण्यापेक्षा मार्चचं तापमान कसं गेलं ते बघा, झाड तेच मोजत असतं. तुमचा दुसरा आठवडा खालच्या गावांसाठी चांगला आहे, आणि लेहमध्ये तेव्हा कळ्याच दिसल्या तर निराश होऊ नका.

इथल्या लोकांना वसंतातल्या अंदाजाची जी काळजी असते ती फुलं बघण्यापेक्षा फार मोठी आहे. कळी बंद असेपर्यंत थंडी सोसते, पूर्ण उमललेलं फूल उणे तीनच्या खाली गेलं की जळायला लागतं. आणि झंझावात पुढे गेल्यावर आभाळ मोकळं होतं, मागून कोरडा गार वारा येतो, त्या रात्री पारा सगळ्यात खाली जातो. म्हणजे बर्फाच्या दिवसापेक्षा नंतरची चांदणी रात्र बागेसाठी जास्त वाईट. वर्षभराचं जर्दाळूचं उत्पन्न अशा एका रात्रीवर अवलंबून असतं. पाण्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये सातू पेरायचे असतात आणि वरच्या हिमनद्यांचं पाणी नीट सुटतं जूनमध्ये, मधल्या दिवसांत पाण्याची फार ओढ. त्यासाठीच सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप आणि त्याआधी चेवांग नोर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या, हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गोठवून वसंतात वापरायचं. त्यामुळे तुमच्या सहलीत एक दिवस बर्फ पडला तर इथला शेतकरी आनंदात असतो हे लक्षात असू द्या, आणि वाटेत फ्यांग लागतं तिथे स्तूप शिल्लक असेल तर थांबून नक्की बघा.

रोजच्या बघण्यातलं सांगतो. सकाळी पातळ पिसासारखे ढग पश्चिमेकडून, मग दुपारी सूर्याभोवती खळं, मग करडा पडदा खाली येत जातो, असं क्रमानं झालं तर दुसऱ्या दिवशी हवा बिघडते. नुसते दुपारी डोंगरमाथ्यावर फुगलेले ढग आणि दोन-चार मिनिटं बर्फाचे कण, हे एप्रिल-मेमध्ये रोजचं आहे, कुठल्याच अ‍ॅपमध्ये नीट येत नाही आणि त्यानं काही बिघडतही नाही.

एक फार महत्त्वाचं, बाहेरचं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. चौघांत निदान एक-दोन पोस्टपेड घेऊन या नाहीतर ढगवेडीताईंनी सांगितलेलं काहीच उघडणार नाही. आणि विमानं बहुतेक सकाळीच येतात-जातात, दुपारच्या वाऱ्यामुळे. खोऱ्यात ढग खाली आले की त्या दिवसाची उड्डाणं रद्द, मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांची गर्दी. परतीच्या आधी एक दिवस लेहमध्ये मोकळा ठेवा.

गोदाकाठ:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! आईला वाचून दाखवलं, ती शेतकऱ्यांचं ऐकून म्हणाली पडू दे बर्फ. आता असं ठरवतेय: पहिले दोन दिवस लेहमध्ये आराम, मग दाह-हानूला दोन रात्री कारण ते खाली आहे आणि खिंड लागत नाही, मग लेहला परत येऊन आभाळ बघून नुब्राचं ठरवायचं. नुब्रा शेवटी ठेवलं तर चालेल ना? आणि खारदुंग ला बंद झालाच तर श्योक नदीच्या बाजूनं परत येता येतं असं वाचलं, ते खरं का?

माजी सैनिक सातारा:
ताई, क्रम चांगला आहे. श्योकचा रस्ता आहे, पण तो निघतो दुर्बुकला आणि तिथून लेहला यायला चांग ला चढावा लागतो, तोही ५,३०० मीटरच्या वर. ज्या झंझावातानं खारदुंग ला बंद होतो तोच चांग ला बंद करतो, म्हणून तो पर्याय धरू नका. नुब्रा शेवटी ठेवायचं असेल तर परतीच्या विमानाआधी एकाऐवजी दोन दिवस मोकळे ठेवा, आणि पुढच्या चार दिवसांत झंझावात दिसत असेल तर नुब्रा सोडून द्या. वयस्कर माणसं आहेत, फुलं दाह-हानूलाही तीच आहेत.

ढगवेडी:
+१. आणि निघायच्या आठवडाभर आधी इथेच लिहा, तेव्हाचे नकाशे बघून पश्चिमेकडे काय चाललंय ते सांगते. एप्रिलमध्ये कधीकधी दोन झंझावात पाठोपाठ येतात आणि मधे एखादाच दिवस उघडतो, तसं दिसलं तर दाह-हानूच्या दोन रात्री तीन करा.