फोल्डर दिसतो, फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही

एक अडचण नेहमी विचारली जाते: सांबाचा (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला वापरू देणारा प्रोग्रॅम) शेअर, म्हणजे असा वाटून दिलेला फोल्डर, दिसतो, जुन्या फाइल वाचता येतात, पण नवीन काही लिहिता येत नाही. आणि सल्ला मिळतो की सगळ्यावर 777 द्या, म्हणजे प्रत्येकाला वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची पूर्ण परवानगी. कृपया तसं करू नका. घरातल्या कुठल्याही खात्याला, एखाद्या बिघडलेल्या अ‍ॅपलाही, सगळे फोटो पुसता येतील.

परवानग्या दोन ठिकाणी तपासल्या जातात: सांबाच्या शेअरमध्ये आणि खाली लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये. दोन्हींपैकी जी कडक, ती चालते. म्हणून सांबाच्या सेटिंगमध्ये 'रीड ओन्ली = नो' (फक्त वाचन नको, लिहूही द्या) लिहूनही फोल्डर रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, मालकीचा असेल आणि इतरांना लिहायची परवानगी नसेल तर नकारच येणार. रूटने कॉपी केलेल्या फाइलींचं हेच होतं.

घरच्यांसाठी एक ग्रुप करा, सगळी खाती त्यात घाला, फोल्डरची मालकी त्या ग्रुपला द्या. फोल्डरना 2770, फाइलना 660 अशा परवानग्या द्या, म्हणजे मालक आणि ग्रुप यांनाच वाचता-लिहिता येईल, बाकी कुणाला नाही. सुरुवातीचा 2 महत्त्वाचा: त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक गोष्ट त्याच ग्रुपची होते. सांबाच्या शेअरच्या सेटिंगमध्ये, नव्या फाइल-फोल्डरनाही याच परवानग्या मिळाव्यात म्हणून, 'क्रिएट मास्क = 0660' आणि 'डिरेक्टरी मास्क = 2770' ठेवा. हा फोल्डर ज्यांच्या आत आहे त्या वरच्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्यूट (आत शिरण्याची) परवानगी हवी, हे हमखास निसटतं.

सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो स्वतंत्र ठेवावा लागतो. बदलानंतर विंडोजवर 'नेट यूज * /डिलीट' चालवून पुन्हा जोडा, नाहीतर जुनंच कनेक्शन वापरलं जातं. त्याने सगळे मॅप केलेले (विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडलेले) नेटवर्क ड्राइव्ह तुटतात, म्हणून आधी उघड्या फाइल बंद करा.

विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीत पासवर्डविना गेस्ट प्रवेश मुळातच बंद आहे. तिथे पासवर्डचं खातं तयार करणं हा सुरक्षित मार्ग.