मदत हवी आहे: सप्लीही गेली, आता वर्गातली मुलं 'सर' म्हणतात

नवीन आयडी काढून लिहितोय, जुना आयडी मामेभावाला माहीत आहे.

एमबीबीएस, सरकारी कॉलेज. फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमीत राहिलो, सप्ली (निकालानंतर लगेच होणारी फेरपरीक्षा) दिली, तीही गेली. सप्ली निघाली असती तर आपल्याच बॅचबरोबर सेकंड इयरला बसलो असतो. आता खालच्या बॅचसोबत पुन्हा फर्स्ट इयर.

अभ्यासाचं विचारत नाहीये. मेडिकलला एक वर्ष पुढचा असला तरी 'सर' असतो. त्यामुळे माझ्याच वर्गातली मुलं मला 'सर' म्हणतात. डिसेक्शनला टेबलाभोवती आम्ही बारा जण. मी जरा पुढे वाकलो की सगळे अदबीनं बाजूला होतात. परवा काख उघडली होती. एकानं विचारलं, 'सर, ही अल्नर नर्व्ह का?' म्हटलं, नाही, मीडियन, आणि आर्टरीच्या पुढे नर्व्हजचा 'एम' होतो तो चिमट्यानं दाखवला. मागे मॅडम उभ्या होत्या. 'येतंय की तुला, मग राहिलास कसा?' कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

राहिलो तोंडीत. उत्तर मराठीत तयार होतं आणि तिथेच अडकतं. असो.

रूममेट माझ्या जुन्या बॅचचे. सकाळी स्टेथो गळ्यात टाकून वॉर्डला जातात. रात्री 'आज मर्मर (हृदयाचा वेगळा आवाज) ऐकला' वगैरे चालू असतं, मी आत आलो की एकदम मेसच्या भाजीवर येतात. चांगली मुलं आहेत, म्हणूनच जास्त लागतं. आणि ज्यांच्याबरोबर अभ्यास करायचा ती मुलं फ्रेशर्सच्या हॉस्टेलला. तिथे सिनियरनं पाऊल टाकलं की रॅगिंगची भानगड. वॉर्डन म्हणाले, 'तू सिनियरच धरला जाशील.'

दुपारी पावणेतीनला मेस रिकामी झाली की जेवतो. वाढणाऱ्या मावशी विचारतात, 'आज पण एकटाच का रे?'

गावात सगळे 'डॉक्टर' म्हणतात. वडिलांना 'एक विषय राहिलाय' एवढंच सांगितलंय. आठवडाभर मला माझ्या नावानं कोणी हाक मारलेली नाही. असं कोणाचं झालंय का? काय केलंत?

खडूफळा: आमच्या वेळी असले लाड नव्हते. मोबाइल ठेव बाजूला, पुस्तक उघड, आपोआप मित्र होतील.

जुनी_ओपीडी: खडूफळा, त्यानं अभ्यासाचं विचारलेलंच नाही हो.
अरे बाबा, मी ऑड बॅचवाला, म्हणजे नापासांची वेगळी बॅच असायची त्यातला. आम्ही सतरा जण सहा महिने मागे पडलो, पण सतरा होतो. कॅन्टीनला आमचं वेगळं टेबल, स्वतःवरच विनोद. 2019 ला नवा अभ्यासक्रम आला, त्यात वेगळी बॅच नाही. मुलांचं वर्ष वाचावं म्हणून लगेच सप्ली ठेवली. हेतू चांगलाच, पण ज्याची तीही जाते तो एकटा उरतो. तुझ्या स्वभावात काही खोट नाही.
हॉस्टेलचा नाद सोड, लायब्ररीच्या रीडिंग रूमला बस. चारचौघांत, दिवसाढवळ्या, तिथे कोणी बोट दाखवणार नाही. टेबलावरच्या दोघांना म्हण, तुम्ही मला इंग्रजीत व्हायवाचे, म्हणजे तोंडीचे प्रश्न विचारा, मी तुम्हाला हाडं दाखवतो. आणि फर्स्ट इयरला चारच अटेम्प्ट असतात, तुझे दोन गेले. घाबरवत नाही, पण वडिलांना हा आकडा तुझ्याच तोंडून कळू दे.

सायली_इंटर्न: दादा, सरळ विचारते, राग मानू नकोस. जीव द्यावा असं मनात येतं का? झोप, जेवण कसं आहे?

धागाकर्ता: तसं नाही. झोप मात्र तीनशिवाय लागत नाही. सायकियाट्रीला जावंसं वाटतं, पण केसपेपर काढायच्या रांगेत आमचेच इंटर्न बसलेले असतात.

सायली_इंटर्न: हो, आम्हीच असतो :) आधी 14416 लाव, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. केसपेपर नाही, रांग नाही. मी सेकंड इयरला लावला होता. पहिल्यांदा नुसती रडले, पलीकडच्या ताईंनी थांबू दिलं. झोपेचं असंच राहिलं तर सायकियाट्रीच्या एखाद्या सरांना ओपीडी संपल्यावर थेट भेट. आणि तसं काही मनात आलंच तर रात्री कितीही वाजलेले असोत, रूममेटला उठव.

परभणीकर_काकू: मी डॉक्टर नाही. माझा मुलगा इंजिनिअरिंगला वर्षभर मागे होता आणि आम्हाला नंतर कळलं. नापास झाल्याचं विसरले मी. वर्षभर एकट्यानं जेवला, ते अजून विसरता येत नाही. वडिलांना फोन कर रे. आणि पावणेतीनला नको, एक वाजताच जेवायला जा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल फोन लावला 14416 ला, वीसेक मिनिटं बोललो. टेबलावरच्या दोघांना रीडिंग रूमचं विचारलं. एक जण लगेच हो म्हणाला, त्यालाही इंग्रजीचीच धास्ती आहे म्हणे, तोही झेडपीच्या शाळेतला. 'सर' सोडून 'दादा'वर आलाय. नावावर यायला अजून वेळ लागेल. मेसला आज दीडला गेलो. वडिलांची रविवारी सुट्टी असते, तेव्हा बोलणार आहे.