'नेपथ्यात' म्हणजे नेमकं कुठे?

म्हापसेकर
जत्रेतल्या प्रयोगासाठी एक इंग्रजी एकांकिका मराठीत आणतोय. बाई बोलता बोलता आत जाते, पुढची दोन वाक्यं आतूनच ऐकू येतात. मी लिहिलं, 'ती नेपथ्यात जाते.' सेट लावणाऱ्याने विचारलं, "नेपथ्यात म्हणजे? कपाटात की भिंतीत?" त्याच्या लेखी नेपथ्य म्हणजे सेट. शब्द चुकला का? 'विंगेत जाते' लिहू, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात?

पंचमवेद
तुमचा शब्द बरोबर, त्याचा चूक. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज आतून, एवढाच अर्थ. भरताच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातला मध्यम मंडप, म्हणजे मधल्या आकाराचं नाट्यगृह, 64 हात लांब, 32 हात रुंद. पुढचा निम्मा प्रेक्षकांचा, उरलेल्यातला मागचा 16 हातांचा पट्टा म्हणजे नेपथ्यगृह. नट तिथे सजायचे. सेटला नेपथ्य म्हणायची खोड स्पर्धांच्या निकालपत्रकांनी लावली.

तिसरी घंटा
पंचमवेद, अर्धंच सांगताय. त्याच ग्रंथात आहार्य अभिनयाच्या (वेश, रंग, सजावट यांच्या) प्रकरणात नेपथ्य चार प्रकारचं दिलंय: पुस्त, अलंकार, अंगरचना (अंगाला रंग लावणं), संजीव (रंगमंचावर आणलेले प्राणी). पुस्त म्हणजे चटई, कापड, चामडं वापरून केलेले डोंगर, वाहनं, विमानं. हा सेट नाही तर काय? तुमचाच न्याय लावला तर रंगभूषाकारालाही नेपथ्यकार म्हणावं लागेल, कारण अंगरचना त्यातच येते. शब्द आधीपासूनच पसरट आहे. मराठीने त्यातलं एक टोक धरलं.

पंचमवेद
पुस्त हा चारातला एक. एका फांदीला झाड म्हणायचं नसतं.

फोंडेकर
म्हणतात ना पण! जुन्या संगीत नाटकांत मागे रंगवलेले पडदे असत: राजवाडा, रस्ता, जंगल. 1933च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात पडद्याऐवजी खोलीच उभी राहिली. अशी खोली उभारणाऱ्याला काहीतरी नाव हवंच होतं. आणि सजायच्या जागेला मराठीत 'रंगपट' आहे, त्यामुळे नेपथ्य मोकळंच होतं. रिकामं घर भाड्याने गेलं, त्यात एवढा त्रागा कशाला?

तिसरी घंटा
रंगपटातला पट म्हणजे कापडच ना? आडोशाला कापड बांधून मागे रंग लावायचे, त्यावरून आला असावा. पुरावा मागू नका.

मडगावची
पडद्यावरून आठवलं. तियात्रात, म्हणजे आमच्या गोव्याच्या कोंकणी नाटकात, नाटक अंकांनी नाही, पडद्यांनी मोजतात, सहा-सात पडदे. दोन पडद्यांच्या मधे कांतारां (गाणी), तोवर मागे सेट बदलून होतो. म्हणजे एक कापड वेळेचं माप झालं. आपण मराठीवाले 'पडदा पडला' म्हणतो ते फक्त शेवटाला.

पंचमवेद
पडद्याला यवनिका हा शब्द आहे. तो ग्रीकांकडून, यवनांकडून आला असं कोणी सांगायला येण्याआधीच लिहितो: पाठ 'जवनिका' असाही आहे आणि तो 'जव' म्हणजे वेग यावरूनही लागतो.

तिसरी घंटा
कापड आयात केलेलं असलं तर नाव यवनांचं पडायला काय हरकत?

फोंडेकर
मंडळी, मूळ प्रश्न राहिला. म्हापसेकरबाब, शब्द कोणताही लिहा, आधी बाई उभी कुठे राहणार ते ठरवा. कापडी फ्लॅटमागून (सेटच्या भिंतीच्या चौकटीमागून) आवाज बरा येतो, प्लायवूडमागून दबतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले माईक तो आवाज पकडणार नाहीत. विंगेत वेगळा माईक द्या आणि तो त्या दोन वाक्यांपुरताच उघडा, नाहीतर प्रॉम्प्टरची कुजबूज देवळाच्या पायरीपर्यंत जाते.

दुसरं, पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसून समोरच्या बाजूची विंग बघा. तिथून आतली बाई दिसत असेल तर फ्लॅट जरा तिरका करा, किंवा मागे काळ्या कापडाचा दुसरा पट्टा टांगा. दोन फ्लॅटमधली वाट तीन फुटांहून कमी ठेवू नका, नऊवारीचा पदर आधाराच्या तिरक्या काठीत अडकतो. आणि त्या काठीच्या पायावर वजन ठेवलंच पाहिजे. सभामंडपाच्या फरशीत खिळा ठोकता येत नाही, अडकलेला पदर ओढला की फ्लॅटच अंगावर येतो.

म्हापसेकर
हे उपयोगी. विंगेत वेगळा माईक आहे. पण संहितेत काय लिहू? साधं कंसात 'आतून'?

मडगावची
विंग ती की तो, ते आधी ठरवा. आमच्याकडे 'विंगेत' म्हणतात, पण परवा एका संहितेत 'डाव्या विंगात' वाचलं.

पंचमवेद
स्त्रीलिंगीच. पण मुळात इंग्रजी शब्द हवाच कशाला? 'पाखं' म्हणा.

तिसरी घंटा
पाखं छपराला असतं. आणि डावी म्हणजे कुणाची डावी, नटाची की प्रेक्षकाची?