सिंगापूरला नावं ठेवायचीच नाहीत का?

रंकाळाकाठ
काल 'शाहूपुरी'नं इथं लिहिलं, की सिंगापुरात वंश-रंग कोणी विचारत नाही, मलेशियात मात्र आपल्या लोकांना दुय्यम करून ठेवलंय, न्याय बघायचा तर सिंगापुरात बघा. वाचून डोकंच फिरलं. मी तिथं नोकरी केलीय. खोलीसाठी फोन केला की एजंटचा पहिला प्रश्न, "इंडियन का?" हो म्हटलं की, "मालकाला नकोय." जाहिरातीतच 'नो इंडियन्स, नो पीआरसी' (म्हणजे चीनहून आलेलेही नकोत) छापलेलं असायचं. एका घरात गेलो तर शेगडीवर प्लास्टिक ताणून चिकटपट्टी मारलेली. एजंट म्हणाला, पाणी उकळा, नूडल्स करा, फोडणी नको. माझ्या पिशवीत आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी होती.

हे झालं परदेशी नोकरदाराचं. आता तिथल्या नागरिकाचं बघा. सरकारी फ्लॅटच्या इमारतींत १९८९ पासून वंशवार कोटा आहे. इमारतीत चिनी कोटा भरला की तमिळ किंवा मलय मालकाला आपला फ्लॅट चिनी माणसाला विकता येत नाही. गिऱ्हाइकात चार जणांतले जवळपास तीन चिनी! मग भाव पाडून द्यायचा, नाहीतर वाट बघत बसायचं. नियम सगळ्यांना सारखा, फटका मात्र अल्पसंख्याकाला. तिथल्या सरकारनंही ही अडचण मान्य केली आणि २०२२ पासून अशा काही अडलेल्या मालकांचे फ्लॅट स्वतः विकत घ्यायची सोय काढली. वंश विचारत नाहीत म्हणे! ओळखपत्रावर वंशाची नोंद असते तिथं.

शाहूपुरी
तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण तो घरमालकाचा आहे, राज्याचा नाही. कोटा का आला ते का लिहिलं नाही? १९६४ ला तिथं मलय-चिनी दंगलीत माणसं मेली. वस्त्या वेगळ्या पडल्या की पुन्हा तेच, म्हणून एका जिन्यात सगळे राहतील असं केलं. तमिळ तिथं राजभाषा आहे, नोटेवर आहे. भारतीय वंशाचे लोक नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि २०२३ ला त्यांच्यातलेच थर्मन षण्मुगरत्नम राष्ट्राध्यक्ष झाले ७०.४ टक्के मतांनी. चिनी मतांशिवाय झाले का?

मलेशियात असं होईल? माझ्या मेहुण्याबरोबर काम करणारा मलेशियातल्या क्लांगचा तमिळ, तिसरी पिढी. मार्क उत्तम, तरी सरकारी मॅट्रिक्युलेशनला (विद्यापीठाआधीच्या कोर्सला) जागा नाही, कारण ९० टक्के जागा भूमिपुत्रांना, म्हणजे मलय आणि तिथल्या इतर मूळ जमातींना. बापानं कर्ज काढून खासगीत शिकवला. पोरगा आज रोज पहाटे उठून सीमेवरच्या जोहोरहून पूल ओलांडून सिंगापुरात कामाला जातो.

करवीरकन्या
दादा, शाहूपुरी नाव लावून आरक्षणावर रडताय याचं वाईट वाटतं. २६ जुलै १९०२ ला आपल्या शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा मागासांना दिल्या, तेव्हाही "आमच्या हुशार पोरांचं काय" म्हणणारे होतेच. इंग्रजांनी मलयांना भातशेतीत ठेवलं, कथिलाच्या खाणी आणि व्यापार चिन्यांकडे, रबराच्या मळ्यात तमिळ. १९७० ला कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के होता! १९६९ च्या १३ मेला मलय-चिनी दंगलीत क्वालालंपूर पेटलं, आणि १९७१ ला मलयांना झुकतं माप देणारं नवं धोरण आलं. ते अन्यायातून आलं, हौसेनं नव्हे.

आणि तुम्ही दोघंही फक्त भारतीयांचं बोलताय. सिंगापुरात मलयांना राज्यघटनेत मूळ रहिवासी म्हणून मान आहे, पण सैन्यातल्या नाजूक जागांवर त्यांना घेताना हात आखडता, हे तिथल्या मंत्र्यांनीच बोलून दाखवलंय.

रंकाळाकाठ
मलयांचा मुद्दा बरोबर, मी तो लिहायला हवा होता. पण ताई, महाराजांचं उदाहरण इथं बसत नाही. रबराच्या मळ्यातला तमिळ मजूर कुठं श्रीमंत होता? मळे विकून घरं-कारखाने झाले, मजूर झोपडीत गेला, आणि त्याला सवलत नाही, कारण त्याचा वंश वेगळा. महाराजांनी जो मागे राहिला त्याला दिलं. २५ नोव्हेंबर २००७ ला क्वालालंपुरात हिंदराफच्या (तिथल्या भारतीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या) मोर्चावर अश्रुधूर सोडला, ते लोक काय उगाच रस्त्यावर आले होते?

खानापूरचा
मलेशियापर्यंत कशाला जाताय? कोल्हापुरातून दोन-अडीच तासांवर, कर्नाटकातल्या आमच्या खानापूरला या. आमच्या घरी चार पिढ्या मराठी. ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते. माझी आजी ती हातात धरून शेजारच्या पोराची वाट बघत बसते, वाचून दाखवायला. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, असं ठरलेलं असताना! १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला की गुन्हे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात. तुम्हाला थर्मन दिसतो, आम्ही दिसत नाही.

उद्यमनगर
तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती, पण जत-अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही विचारा. आणि दुकानांवर मराठी पाट्यांची सक्ती २०२२ ला आपणही केलीच की.

खानापूरचा
तिथं सरकारी कन्नड शाळा चालतात! १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात आमची माणसं गोळीबारात गेली. जतमध्ये कोण गेलं? तुलना करताना लाज वाटू द्या.

उद्यमनगर
लाज काढू नका. माझा काका सीमालढ्यात तुरुंगात गेलाय. मी एवढंच म्हणतोय, की आपण बहुसंख्य असतो तिथं कसे वागतो ते बघा. माझ्या फाउंड्रीत ओडिशाची पोरं आहेत. त्यांच्यासाठी खोली बघायला मी स्वतः गल्लीबोळ हिंडलो. "परप्रांतीय नको, मासे शिजवतात." सोबत एक मुसलमान फिटर होता, इथलाच, कागलचा. त्याचं आडनाव ऐकून तर चहाही विचारला नाही. शेवटी कारखान्यामागं पत्र्याची शेड घातली.

शाहूपुरी
म्हणजे तुमच्याच तोंडून निघालं. घरमालक सगळीकडं सारखाच. मग सिंगापूरलाच का झोडपताय?

रंकाळाकाठ
कारण "कोण विचारत नाही" हे तुम्ही लिहिलंत. मलेशियात भेदभाव कायद्यात लिहिलेला आहे, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. सिंगापुरात खोली नाकारली तर जायचं कुणाकडं? २०२५ ला कायदा मंजूर केला तो नोकरीतल्या भेदभावाचा. भाड्याच्या घराला तो लागत नाही.

शाहूपुरी
ठीक आहे, ते वाक्य मागे घेतो. "कमी विचारतात" असं वाचा. पण माझ्या पोराला दोन्हीकडून नोकरी आली तर मी सिंगापूरच सांगणार.

खानापूरचा
आणि नोटिशीचं?