बेसमेंटमधलं सुतारकाम: तुमचे अनुभव लिहा

गुण्या (न्यू जर्सी)
काल रंध्याखाली जुना साग आला आणि त्या वासानं आजोबांची पडवी डोळ्यांपुढे उभी राहिली. म्हणून हा धागा. बेसमेंटमध्ये सुतारकामाची जागा केलेल्यांनी बारीकसारीक सगळं लिहा.
यंत्रं नंतर, आधी ओल बघा. २ फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांना टेप मारून काँक्रीटवर चिकटवा, दिवसभर ठेवा. आतून पाणी धरलं तर जमिनीतून ओल येतेय, तिथे फळ्या टेकवायच्या नाहीत. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ५०% वर ठेवा, नळी थेट सम्पमध्ये (पाणी उपसायच्या खड्ड्यात) सोडा. नाहीतर त्याची बादली भरली की यंत्र आपलं आपण बंद होतं आणि दोन दिवसांत टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीच्या) बिडावर गंज येतो. त्या बिडाला महिन्यातून एकदा पेस्ट वॅक्स लावा. सिलिकॉनवालं नको, पुढे पॉलिशला डाग पडतात.

सांधा
वीज!! १५ अँपचा टेबल सॉ आणि भुसा ओढायचं यंत्र एकाच लाइनवर लावलं की ब्रेकर पडणारच. दोघांना वेगवेगळी २० अँपची लाइन, तार १२ गेज (१४ पेक्षा जाड). जुन्या १४ गेजवर नुसता २० चा ब्रेकर चढवू नका, तार तापत राहते आणि ब्रेकर पडत नाही. दिवे तिसऱ्या लाइनवर. ब्रेकर पडून अंधार झाला तरी पातं काही क्षण फिरतच असतं.

मृण्मयी_टोरांटो
फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) किंवा गॅसचा गीझर त्याच खोलीत असेल तर थिनर, लॅकर तिथे उघडायचंच नाही. पाण्यावरचं पॉलिश वापरा. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. एकेक पसरून बाहेर कुंपणावर वाळवा.

सांधा
ताई, जानेवारीत कुठलं कुंपण 😀

मृण्मयी_टोरांटो
मग पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा. कुकर झाला, पळते.

उंबरठा
जिना मोजा. ८ बाय ४ चं प्लाय वळणावरून उतरत नाही. गॅरेजमध्ये जमिनीवर १ इंची फोम, त्यावर शीट, हातातल्या विजेच्या करवतीचं पातं प्लायच्या खाली २-३ मिमी. अर्धा इंच जादा ठेवून कापा, नेमकं माप खाली. तयार कपाट वर जाईल का हेही आधीच बघा.

पडवीवाली (रत्नागिरी)
आमच्याकडे कसलं बेसमेंट! पण इथून लाकूड किंवा फर्निचर तिकडे नेणाऱ्यांसाठी: इथे लाकडात १२% च्या आसपास ओल असते, तिकडे हीटर लागला की ६-८ वर येते. दाराची फळी सरस न लावता चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवा. चिकटवलीत तर पहिल्याच हिवाळ्यात उभी चीर जाते.
गुण्यादादा, आजोबांचा रंधा आहे का अजून? लाकडी?

गुण्या
हो, लाकडीच. तळ जरा वाकलाय.

पडवीवाली
काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासा. पातं आणि पाचर काढायची नाही, पातं फक्त आत ओढून पाचर नेहमीसारखी ठोकून ठेवा. पाचरेच्या ताणानं तळ किंचित बदलतो, म्हणून ताणातच सपाट करायचा.